टी-शर्टवर नाव कुणाचं? शाळेच्या रोबोटिक्स टीमने स्पॉन्सर निवडताना

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोल्हापुरातली नववी ते बारावीच्या चौदा मुलांची टीम, फर्स्ट टेक चॅलेंज या शाळकरी रोबोट-स्पर्धेचा सीझन सुरू, आणि समोर दोन ऑफर. वेलची-मुखवासाच्या एका ब्रँडचा वितरक चार लाख द्यायला तयार आहे. त्याला टी-शर्टवर आणि रोबोटवर ब्रँडचं नाव हवंय. एक कोचिंग क्लास दोन लाख देतोय; त्यांना मुलांचे आणि पालकांचे फोन नंबर हवेत, शिवाय क्लासच्या बॅनरसमोर प्रत्येक मुलाची एक रील. पालकांच्या बैठकीत बहुतेकांचं म्हणणं पडलं की पैसा कुठून येतो ते बघत बसलो तर मुलांचं स्पर्धेला जाणं राहील. आणि तुम्ही विचारताय, यासाठी काही निकष असतात का.

मी पुण्यात गेली तेरा-चौदा वर्षं शाळकरी टीमची मेंटॉर आहे. त्यातला निम्मा वेळ रोबोटमागे गेला असेल, तर उरलेला पैशामागे. निकष असतात, पण अमुक कंपन्या चालतात आणि तमुक चालत नाहीत अशी तयार यादी मी तुम्हाला देऊ शकणार नाही. तुमचं गाव, तुमची शाळा, मुलांची घरं कशी आहेत, यावर बरंच अवलंबून आहे. मी स्वतः ज्या प्रश्नापासून सुरुवात करते तो सांगते: हा माणूस आपल्याकडून नेमकं काय विकत घेतोय, आणि ते विकायचा हक्क आपल्याला आहे का?

बैठकीत भांडण होतं ते कंपनी चांगली की वाईट यावर. त्याला अंत नसतो, कारण प्रत्येकाला कुठली तरी कंपनी खटकते आणि कुठली तरी जवळची वाटते. बदल्यात काय द्यायचं हे आधी कागदावर आलं की निम्मं भांडण तिथेच मिटतं. गणपतीची वर्गणी देणारा पावती घेतो आणि जातो. मांडवाच्या कमानीवर जाहिरात लावणारा मंडळाकडून जागा घेतो. दोघांचे पैसे एकाच पेटीत पडतात म्हणून आपण दोघांनाही 'देणगीदार' म्हणतो, पण व्यवहार वेगळे आहेत. कमान मंडळाची असते, ती मंडळ विकू शकतं. आपल्याकडे विकायला काय असतं? मुलाची छाती, मुलाचा चेहरा, त्याच्या आईचा फोन नंबर. यातलं काहीही शाळेचं नाही आणि मेंटॉरचंही नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. दहा-एक वर्षांपूर्वी आमच्या टीमनेही अशाच एका मुखवासवाल्याचे पैसे घेतले होते. सगळे पालक खूश होते, मीही होते. स्पर्धेआधी टीमचा फोटो काढला आणि तो मोठा छापून कार्यशाळेच्या भिंतीवर लावला. मधे रोबोट, भोवती पंधरा मुलं. डावीकडून तिसऱ्या मुलीचा उजवा तळवा छातीवर आडवा. आठवडाभर मला वाटत होतं की फोटोसाठी पोझ म्हणून तो हात तिने हौसेने ठेवलाय. मग एका संध्याकाळी, सगळे गेल्यावर, फोटो जवळून पाहिला. तिच्या चारही बोटांखाली लोगो बरोबर झाकलेला होता. दुसऱ्या दिवशी तिला बाजूला घेऊन विचारलं. तिच्या आजोबांचं जबड्याचं ऑपरेशन झालेलं होतं, त्यांना नाकातल्या नळीतून जेवण द्यावं लागत होतं, आणि घरात त्या ब्रँडचं नाव काढलं तरी आजी उठून आत जायची. मी विचारलं, तू आधी का नाही बोललीस? ती म्हणाली, "ताई, सगळ्यांचा खर्च त्यातून निघणार होता. मी एकटी कशी नाही म्हणणार?"

आमचा पहिला नियम त्या वाक्यातून आला. जे नाव मुलांच्या अंगावर जाणार, त्याला टीममधल्या प्रत्येक मुलाचा होकार लागतो. एकाचाही नकार पुरतो. हात वर करून मत घ्यायचं नाही, कारण मैत्रिणींसमोर नकाराचा हात वर होत नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर हो किंवा नाही लिहायचं, नाव लिहायचं नाही, कारण द्यायचं नाही. चिठ्ठ्या मी एकटी उघडते. एक जरी 'नाही' निघालं तरी टी-शर्टचा विषय संपतो आणि तो का संपला याची चौकशी कुणी करत नाही. रोबोटवर किंवा पिटमधल्या (स्पर्धेत टीमला रोबोट ठेवायला मिळते त्या जागेतल्या) बॅनरवर जाणाऱ्या नावाला आम्ही बहुमत लावतो, कारण ते अंगावर नसतं, मूल त्यापासून लांब उभं राहू शकतं. हा फरक कुणाला बारीक वाटेल. चौदा वर्षांच्या मुलाला तो मोठा असतो.

तुमच्या पहिल्या ऑफरपुरतं मात्र चिठ्ठ्यांपर्यंत जायची गरज नाही. तिथे कायदाच आडवा येण्याची दाट शक्यता आहे. तंबाखू नियंत्रणाचा २००३ चा केंद्रीय कायदा आहे, ज्याला सगळे 'कोटपा' म्हणतात. त्याच्या पाचव्या कलमात जाहिरातबंदी आहे हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याच कलमात पुढे असंही म्हटलंय की स्पॉन्सरशिप, भेट, बक्षीस किंवा शिष्यवृत्तीच्या बदल्यात तंबाखूजन्य पदार्थाच्या ब्रँडनावाचा प्रचार करता येणार नाही. शब्द ब्रँडनावाचा आहे. म्हणजे पुडीत वेलची आहे की आणखी काही, इतकं बघून भागत नाही. तेच नाव, तीच अक्षरं, तोच रंग घेऊन जर्दा किंवा गुटखा विकला जातो का, ते बघावं लागतं. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत जे मार्गदर्शक नियम काढले, त्यांतही एका वस्तूच्या आडून दुसऱ्या, बंदी असलेल्या वस्तूची जाहिरात करायला मनाई आहे. आणि आपल्या राज्यात तर २०१२ पासून गुटखा आणि पान मसाल्यावर बंदी आहे, ती दरवर्षी वाढवली जाते.

तुमच्या पालकांपैकी कुणीतरी नक्की म्हणेल की बंदी असून टपरीवर मिळतंच ना. मिळतं. कोल्हापूरहून कर्नाटक किती लांब आहे ते तुम्ही मला सांगायला नको. पण शाळेपासून शंभर यार्डांच्या आत जो तंबाखू विकायला कायद्याने बंदी केली, त्याच तंबाखूचा ब्रँड शाळेच्या टी-शर्टवरून थेट वर्गात न्यायचा, हे शाळेला शोभत नाही. तुम्ही वितरकाला एकच प्रश्न विचारा: या नावाखाली तुम्ही आणखी काय विकता? उत्तर द्यायला त्याने वेळ घेतला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

कोचिंग क्लासचं प्रकरण दिसायला साधं आहे आणि मला ते जास्त अवघड वाटतं. धंदा शिक्षणाचा, कुणाच्या आरोग्याला धोका नाही, दोन लाख रोख. आमच्याकडे एका वर्षी असंच झालं. क्लासवाल्यांनी 'समन्वयासाठी' म्हणून पालकांचे नंबर मागितले, मी सरळ यादी पाठवली. पुढचे पाच महिने रात्री साडेआठ-नऊला फोन येत राहिले. तुमचा मुलगा एवढा हुशार आहे, त्याचं आयआयटीचं काय ठरलंय, आत्ता फी भरली तर सवलत आहे. एका रिक्षाचालक वडिलांनी हप्त्यावर फी भरूनही टाकली, कारण त्यांना वाटलं की टीममध्ये राहायचं तर हे करावं लागतं. ती चूक क्लासची होती आणि माझीही होती. यादी देणारी मी होते.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच धरलंय. त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर नजर ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती करायला मनाई आहे. पण कायद्याने भाग पाडायची वाट बघायची तरी कशाला? आमच्याकडे आता माहिती हा विषयच ऑफरमधून काढलेला असतो. टीमचा एक ईमेल, शाळेचा एक फोन, बस्स. स्पॉन्सरला पालकांना काही सांगायचंच असेल तर त्याने एक पत्रक द्यावं, आम्ही ते सूचनाफलकावर लावतो, ज्याला हवं तो फोन करेल.

आणि ती रील. प्रत्येक मुलाने बॅनरसमोर उभं राहून 'मी अमुक क्लासमुळे' असं काही म्हणायचं असेल, तर ते धडधडीत खोटं आहे, कारण मुलं रोबोट क्लासमुळे बनवत नाहीत. ज्या मुलांना आपण शिकवतोय की कोडमध्ये सेन्सरचं रीडिंग जे येतं तेच लिहायचं, मनाने आकडा घालायचा नाही, त्यांच्याकडून पैशासाठी खोटं वाक्य बोलवून घ्यायचं? आम्ही टीमचा एकत्र फोटो देतो, तोही पालकांच्या लेखी संमतीने. एकट्या मुलाचा चेहरा, नाव आणि शाळा एका जागी असं कधीच देत नाही.

आता ज्यांचं उत्तर ठाम नाही अशा कंपन्यांकडे येते. इथे मी तुम्हाला माझं मत सांगेन, पण ते तुम्ही तसंच्या तसं उचलू नका.

संरक्षण क्षेत्रातल्या कंपन्या घ्या. अमेरिकेत हा वाद जुना आहे. तुमची स्पर्धा भरवणारी फर्स्ट ही संस्था डीन केमन यांनी १९८९ मध्ये सुरू केली, आणि तिच्या मोठ्या पाठीराख्यांत बोइंग, बीएई सिस्टिम्स, रेथिऑन अशी नावं वर्षानुवर्षं आहेत. तिथल्या मोठ्या रोबोटच्या स्पर्धेत तर टीमच्या अधिकृत नावातच स्पॉन्सरांची नावं असतात. म्हणजे उद्या तुमची मुलं जागतिक अंतिम फेरीला ह्यूस्टनला गेली तर अशा कंपन्यांची नावं त्यांना मोठ्या फलकांवर दिसतीलच. तुम्ही अशा कंपनीला नकार दिलात तर मुलं विचारणार की मग ही स्पर्धा आपण का खेळतो. त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर तयार ठेवा. माझं असं की स्पर्धा कोण भरवतं यावर माझा ताबा नाही, पण माझ्या टीमच्या अंगावर काय आहे यावर आहे.

पुण्यात हा विषय घरातला आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, डीआरडीओच्या प्रयोगशाळांत आमच्या मुलांचे आईवडील, आजोबा काम करतात. तोफेचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीची ऑफर आली तेव्हा टीममध्ये दोन मुलं लष्करी घरातली होती आणि त्यांना यात चर्चा कशाची करायची तेच कळेना. एका मुलाला मात्र झोप लागेना. आम्ही दोन शनिवार त्यावर बोललो. मी मधे पडले नाही, फक्त कुणी कुणाच्या वडिलांच्या नोकरीवर बोलायचं नाही एवढं सांगितलं. चिठ्ठीत एक 'नाही' निघालं. टी-शर्टवर नाव गेलं नाही. बहुमताने पिटच्या बॅनरवर गेलं, आणि कंपनीने त्याच रकमेत ते मान्य केलं. तीन वर्षांनी दुसऱ्या बॅचने तशीच ऑफर सरसकट नाकारली. दोन्ही निर्णय मला बरोबर वाटतात, कारण दोन्ही वेळा मुलांनी स्वतः विचार करून ठरवलं होतं.

प्रदूषणाचं तुमच्याकडे जवळचं उदाहरण होऊ शकतं. तुम्ही लिहिलंय की मुलांनी पंचगंगेच्या पाण्याची गढूळता मोजणारा सेन्सर केलाय. उद्या नदीकाठच्या एखाद्या कारखान्याने पैसे देऊ केले तर मी त्याच्या सांडपाण्याचा अहवाल बघेनच, पण त्याआधी मनाशी विचारेन: याचे पैसे घेतल्यावर मुलं परीक्षकांसमोर नदीबद्दल जे दिसलं ते सगळं सांगतील का? एखादा आकडा गाळावासा वाटेल का? तसं वाटणार असेल तर कारखाना कितीही स्वच्छ असो, या वर्षी नको. पुढच्या वर्षी मुलांचा विषय बदलला तर पुन्हा बघता येईल.

राजकारण्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण चार दिवसांत तो प्रश्न येईलच. आपल्याकडे पैसे सर्वांत लवकर देणारे तेच असतात. स्थानिक नेत्याने वैयक्तिक देणगी दिली, शाळेची पावती घेतली, तर आमची हरकत नसते. फ्लेक्सवर त्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली आमच्या मुलांचे चेहरे येणार नाहीत, हे आधी सांगतो. हे ऐकल्यावर काही जण मागे घेतात. एका नगरसेविकेने उलट आणखी पाच हजार दिले आणि म्हणाल्या, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. निवडणुकीच्या सहा महिने आधी आणि नंतर मात्र आम्ही कुणाचेच घेत नाही.

आणि एक जण असा भेटेल जो काहीच मागणार नाही, फक्त म्हणेल की माझ्या पुतण्याला ड्रायव्हर करा. टीममध्ये रोबोट चालवणारी मुलं असतात दोन. ती जागा मुलाने वर्षभर सराव करून मिळवायची असते. ती विकली तर उरलेली बारा मुलं काय शिकतील हे तुम्हाला सांगायची गरज नाही. अशा वेळी मी दुसऱ्या वाक्याची वाट बघत नाही.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी, ज्या न कळल्यामुळे चांगल्या टीम अडकतात. कंपनी जेव्हा म्हणते 'आम्ही सीएसआरमधून देऊ', तेव्हा ते स्पॉन्सरशिपपेक्षा वेगळं असतं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. पण त्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की आपल्या मालाची जाहिरात साधण्यासाठी केलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे सीएसआरचा पैसा देऊन कोणी टी-शर्टवर उत्पादनाचं नाव मागत असेल तर ते चुकतायत, आणि तुम्ही ते त्यांना नम्रपणे दाखवू शकता. भारताबाहेरचा उपक्रमही त्यात बसत नाही. देशाचं किंवा राज्याचं प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूंच्या प्रशिक्षणाला सवलत आहे, पण रोबोटिक्स त्या अर्थाने खेळ नाही. म्हणून ह्यूस्टनच्या विमानाच्या तिकिटाला सीएसआर मागू नका. शाळेतली कार्यशाळा, लेथ, थ्रीडी प्रिंटर, जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांसाठी घेतलेली शिबिरं, याला मागा. पैसे ज्या संस्थेच्या नावे येणार तिची सीएसआर-१ नोंदणी आहे का ते आधी बघा, नाहीतर मार्चएंडला सगळी धावपळ वाया जाते.

दुसरी गोष्ट परदेशी पैशाची. कुणाचा तरी मामा न्यू जर्सीत असतोच. मामा अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल तर अडचण नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी ठरते आणि तुमच्या संस्थेला एफसीआरए म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती नसताना पैसे खात्यात घेतले तर शाळा गोत्यात येते. संस्थेच्या सीएला आधी विचारा.

एकाच स्पॉन्सरवर सगळा भार टाकू नका, हे मी कळकळीने सांगते. आमच्याकडे कुणा एकाचे पैसे एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जात नाहीत. चार लाख देणारा एकटाच असेल तर सीझनच्या मध्यात त्याने काही नवं मागितलं की तुम्हाला नाही म्हणता येत नाही. कंपनीचं पुढे काय होईल हेही कुणी सांगू शकत नाही. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर गेल्या काही वर्षांत कुणाची नावं होती ते आठवा. सहारा, बायजूज, ड्रीम इलेव्हन. सहाराच्या प्रमुखांना २०१४ मध्ये तुरुंगात जावं लागलं. बायजूजवर बीसीसीआयच्याच थकबाकीवरून २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला आणि ड्रीम इलेव्हनचं नाव गेलं. एवढे वकील दिमतीला असून बोर्डाला हे टाळता आलं नाही. आपण निदान एक पानाचा करार तरी करावा: पैसे किती, कधी, बदल्यात काय, आणि कुठल्या परिस्थितीत आम्ही तुमचं नाव उतरवू शकतो. शेवटच्या ओळीवर सही करायला जो कचरतो त्याच्याशी मी पुढे बोलत नाही.

हे सगळं केल्यावर पैसे येणार कुठून, असं पालक म्हणतील, आणि त्यांचं बरोबर आहे. आमचा सर्वांत चांगला स्पॉन्सर भोसरी एमआयडीसीतला आहे. दोन व्हीएमसी (धातू कोरणारी संगणकावर चालणारी मशीन), एक लेसर कटिंगचं मशीन, बारा कामगार. सहा वर्षं त्यांनी आमच्या ॲल्युमिनियमच्या प्लेट फुकट कापून दिल्या. रोख रक्कम कधीच दिली नाही. पहिल्या दिवशी मुलांनी कापलेली प्लेट उचलली आणि एकाचं बोट कापलं. त्यांनी बोटाला पट्टी बांधली, मग कानस हातात दिली आणि चौदाही मुलांना कडेची बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कोर, कशी काढायची ते दाखवलं: कानस पुढे नेताना दाब, मागे आणताना उचलून. अजून माझी मुलं प्लेट हातात घेतली की आधी कडेवरून अंगठ्याचं नख फिरवतात. बदल्यात त्यांनी एकच मागितलं. खंडेनवमीला मशीनची पूजा असते, तेव्हा रोबोट घेऊन या. आम्ही दरवर्षी जातो. व्हीएमसीच्या शेजारी रोबोटला झेंडूची माळ घालतात, कामगारांची मुलं तो चालवून बघतात, आणि सगळ्यांना पेढे.

शिरोली आणि गोकुळ शिरगावला तुमच्याकडे असे किती कारखाने आहेत! फाउंड्री आहेत, पॅटर्न बनवणारे आहेत, जॉबवर्कवाले आहेत. मुलांना घेऊन एकेका दारात जा. पाच हजारांच्या चाळीस पावत्या फाडायला दमछाक होते, पण दोन लाख होतात आणि त्यांतला कुणीही तुम्हाला बांधून ठेवू शकत नाही. तरीही एवढ्याने ह्यूस्टनचा खर्च निघेलच असं मी म्हणणार नाही. माणशी दोन-अडीच लाखांपर्यंत जातं, व्हिसाचेच १८५ डॉलर आधी भरावे लागतात आणि व्हिसा नाकारला तर परत मिळत नाहीत. एका वर्षी आमची टीम पात्र ठरूनही फक्त सहा मुलं गेली, आणि कोण जाणार हे ठरवताना घरची ऐपत मोजली गेली. तो दिवस मला अजून बोचतो. त्यानंतर आम्ही प्रवासाचा निधी वेगळा काढला आणि तो सीझन सुरू व्हायच्या आधी, जूनमध्ये, जमवायला घेतो. निकाल लागल्यापासून विमानात बसेपर्यंत हातात जेमतेम सहा-आठ आठवडे असतात, आणि टीमचे सगळ्यांत वाईट करार याच आठवड्यांत होतात, आमचेही झालेत.

तुमचा जून गेलाय. म्हणून या शनिवारी असं करा. पालकांना बोलवायच्या आधी मुलांना बोलवा. दोन्ही ऑफर त्यांना आकड्यांसकट सांगा, मुलं समजतो त्यापेक्षा मोठी असतात. क्लासला लिहा की नंबर आणि रील सोडून, पिटच्या बॅनरवर नाव आणि टीमचा एकत्र फोटो एवढ्यावर किती देता. दोनाचा एक लाख झाला तरी घ्या. मुखवासवाल्याला नाही म्हणा, आणि ते फोनवर किंवा मेसेजवर नको, तुम्ही स्वतः त्यांच्या दुकानी जा. फर्स्टमध्ये 'ग्रेशस प्रोफेशनॅलिझम' म्हणतात, समोरच्याला हरवतानाही त्याचा मान राखायचा; तो नकार देतानाही लागतो. त्या माणसाने तुमच्या मुलांसाठी खिशात हात घातला होता, त्याबद्दल आधी आभार माना. मग सांगा की शाळेचा नियम आहे आणि या ब्रँडचं नाव आम्हाला लावता येत नाही. त्यांच्यावर, त्यांच्या धंद्यावर काही बोलू नका. एकही मूल बरोबर नेऊ नका. त्यांचा मुलगा किंवा पुतणी तुमच्याच शाळेत असेल, कदाचित पुढच्या वर्षी टीममध्येही येईल, आणि त्याला मान खाली घालावी लागता कामा नये.